कड्याले इचार

"ओ ताई, तुमची पोरगी बंद पडली!"

बनाबाईनं हे तारेच्या कुंपणाआडून ओरडून सांगितलं, विहिरीवरची मोटार बंद पडल्याचं सांगावं तसं. पुष्पांजली बाहेर कडुनिंबाखाली निळ्या स्टुलावर बसली होती. ती उठली आणि पत्र्याच्या शेडकडे धावली.

शेडमध्ये बायांची लांब रांग मांडी घालून बसलेली. प्रत्येकीच्या एका हाताला संत्र्यांचा ढीग, पुढ्यात एक कॅरेट, कॅरेटवर आडवी फळी आणि फळीत बसवलेलं एक लोखंडी कडं. संत्रं उचलायचं, फिरवून पाहायचं. डाग दिसला तर टोपल्यात. नाही दिसला तर कड्यावर ठेवायचं. आरपार गेलं तर ते बारीक, आपोआप खालच्या कॅरेटमध्ये पडतं. अडकलं तर ते मोठं, ते उचलून डावीकडच्या कॅरेटमध्ये. सोनाळ्याच्या बायांचे हात हे काम गप्पा मारता मारता करतात. डाग तेवढा डोळ्यांनी टिपायचा, बाकी डोळ्यांना काही करावं लागत नाही.

रांगेच्या टोकाला महेजबीन होती. एक संत्रं तिनं छातीच्या उंचीवर धरलं होतं आणि ती समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहत होती. काल संध्याकाळपर्यंत त्या जागेवर ते निळं स्टूल होतं.

"कवापासून अशी बसली?" पुष्पांजलीनं विचारलं.

"मले काय मालूम. म्या पाह्यलं तवापासून अशीच हाये." बनाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. इथली मुकादम ती. मालक महादेवराव आठवड्यातून एकदा यायचे, बाकी सगळा कारभार बनाबाईच्या तोंडावर चालायचा. "म्या म्हनलं, टाक वं माय. नाई. मंग म्हनलं, राहू दे, नोको टाकू. तेबी नाई."

पुष्पांजली महेजबीनच्या समोर जाऊन उभी राहिली. महेजबीननं तिच्याकडे पाहिलं. मग संत्रं कड्यावर ठेवलं. ते आरपार गेलं, खाली धप्प वाजलं. तिनं दुसरं उचललं. जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

"हे तं रिमोटचा टीव्ही झाला," बनाबाई म्हणाली. रांगेतल्या बाया हसल्या. महेजबीनही हसली. सगळ्या हसल्या की तीही हसायची.

बनाबाईनं पुष्पांजलीला बाजूला घेतलं. आवाज उतरवून म्हणाली, "हे पाहा ताई. पोरगी गोड हाये. हात साफ हाये तिचा. फळ दाबत नाई, फेकत नाई. पन पुढच्या बाजारापासून बाहेरच्या गाड्या लागतात. मंग मले एकेक जागा चालती पायजे. तोवर तुमच्याबिगर बसली तं बसली. नाईतं मी दुसरी बाई सांगतो. राग नोका मानू."

"राग कशाचा, मावशी."

"तुमी किती दिवस बसान स्टूल टाकून? तुमालेबी घर हाये."

ते खरंच होतं. वरवट बकालमध्ये पुष्पांजलीचं घर होतं, शेतकी पंप दुरुस्त करणारा नवरा होता, आणि तीन वर्षांची चिमी होती, जी रोज सकाळी आईच्या पर्सवर बसून राहायची म्हणजे आईला जाता येऊ नये.

पुष्पांजलीचं काम असं होतं की लोकांना ते काम वाटायचंच नाही. खामगावची एक संस्था तिला पगार द्यायची. ज्यांना कुणी कामावर ठेवत नाही त्यांना काम शोधून द्यायचं. आणि नुसतं देऊन परत फिरायचं नाही, ते काम अंगी लागेपर्यंत सोबत राहायचं. काम मिळवून देणं त्यातलं सोपं. लोक दया येऊन पहिल्या दिवशी हो म्हणतात. आठव्या दिवशी दया संपते, तेव्हा शेजारी कुणीतरी लागतं.

ती आधी स्वतः ते काम करून पाहायची. संत्र्यांच्या रांगेत ती स्वतः बसली होती, संध्याकाळी कंबर धरून घरी गेली होती. मग ज्याला शिकवायचं त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून स्टुलावर बसायचं. काही दिवसांनी स्टूल समोर. मग दाराशी. मग दाराबाहेर. मग एके दिवशी यायचंच नाही. झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालून हात काढून घ्यावा तशी ती बाजूला व्हायची, जाग न येऊ देता.

नांदुऱ्याच्या एका बेकरीत तिनं असंच सकलैनला बसवलं होतं. त्याला ऐकू येत नाही. भट्टीची घंटी कळायची नाही म्हणून मालकाला सांगून तिथं लाल दिवा लावून घेतला. सकलैन दिव्याकडे पाहून ट्रे काढायला शिकला. आता ती कधी त्या बाजूला गेली की टोस्ट घ्यायला थांबते. काचेमागं तो दिसतो. त्याचं लक्ष दिव्याकडे असतं, तिच्याकडे नसतं. ती टोस्ट घेऊन निघून येते.

"तुही नोकरी म्हंजे अजबच हाये वं," नवरा, गोकुळ, चेष्टा करायचा. "दुसऱ्याची नोकरी पक्की झाली का तू बेकार."

*

संध्याकाळी ती महेजबीनला घरी सोडायला गेली. रोज तिची आई, इमामबी, न्यायला यायची. आज पुष्पांजलीच म्हणाली, मी येते सोबत.

ओसरीवर महेजबीनचे अब्बा, फकीर मोहम्मद, गादी भरत होते. दाढीत, भुवयांत कापूस. त्यांनी मान वर न करता सलाम केला आणि आत आवाज दिला, "चाय ठेवा वं, ताई आल्या."

इमामबी लुगड्यासारखी कसून साडी नेसणारी, हडकुळी, सारखी हालचाल करणारी बाई. तिनं चहा आणला, बशीत चार बिस्किटं आणली. दुपारी डब्यातली भाजी महेजबीननं नीट खाल्ली की नाही, ते ती सांगू लागली. डबा घेऊन ती रोज दुपारी कुंपणापर्यंत यायची, लेकीला बाहेर बोलवायची, कडुनिंबाखाली बसवून पहिला घास हातानं भरवायची. तेवीस वर्षांच्या लेकीला.

बोलणं चालू होतं तेवढ्यात पुष्पांजलीनं पाहिलं. महेजबीनचा हात बशीकडे गेला आणि थांबला. तिनं आईकडे पाहिलं. इमामबी बोलतच होती, तिचं वाक्यही तुटलं नाही, फक्त मान किंचित खाली झाली. महेजबीननं बिस्किट उचललं. चहात बुडवण्याआधी पुन्हा पाहिलं. पुन्हा मान.

पुष्पांजलीला वाटलं, सापडलं.

"खाला," ती म्हणाली, "रागावू नका. पन तुमी तिले सारखी मान देता. बिस्कुट खाऊ का, हाव. पानी पिऊ का, हाव. मंग ती तिकडंबी कुनाच्या तरी मानीची वाट पाहत बसते."

इमामबीनं बशी बाजूला सारली. मग तिनं लेकीचा डावा हात ओढून घेतला आणि बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेली होती, जुनी, पांढुरकी.

"पाच वर्साची व्हती," इमामबी म्हणाली. "घरात पाव्हने. मी त्याहीच्या नादात. हिनं माह्याकडं पाह्यलं असन, इचारलं असन. मले नाई दिसलं. चुलीवरच्या दुधात हात घातला पोरीनं. साय पायजे व्हती तिले." तिनं बाही खाली केली, नीट ओढली. "तवापासून ठरलं आमचं दोघीचं. हे इचारते, मी सांगतो. एकबी डाव चुकलं नाई मंग. भोळी हाये बेटा ते. मी नाई सांगीन तं कोन सांगीन?"

फकीर मोहम्मदांची सुई थांबली होती. ते म्हणाले, "अन् आपन जाऊ तवा कोन सांगीन, ते सांग ना." मग त्यांचं त्यांनाच वाटलं की जास्त बोललो, आणि ते कापूस दाबू लागले.

"त्यासाठीच तं कामाले धाडतो," इमामबी म्हणाली. "पह्यल्या दिवशी घरी आली तं काय म्हने मालूम? अम्मी, मी कामावर जातो. म्हने, बनाबाईनं मले पोरी म्हनलं नाई, बाई म्हनलं. रातभर तेच." तिनं पदरानं नाक पुसलं. "हे काम गेलं ना ताई, तं हे पुन्हा घराबाहेर पडनार नाई. मले मालूम हाये तिचं. एकडाव शाळेतून काढलं तवा सहा महिने उंबरठ्याबाहेर पाय नाई टाकला."

परतीच्या ऑटोत पुष्पांजली डोंगराच्या बाजूला बसली होती. सातपुड्यावर ऊन उतरत होतं. तिच्या मनात एकच चाललं होतं. आईनंच बांधून ठेवलंय लेकीला. आता आईला कसं शिकवायचं.

*

घरी सासूबाई टीव्हीपुढे भाजी निवडत होत्या. चिमीनं मांडणीतल्या सगळ्या वाट्या खाली काढल्या होत्या आणि एकीवर एक रचत होती. पुष्पांजली हातपाय धुऊन तिच्यापाशी येऊन बसली. गोकुळ दारात उभा राहून पंपाचं ग्रीस लागलेले हात रॉकेलनं पुसत होता.

"मंग? काय म्हनते तुही संत्र्यावाली?"

"काय म्हननार. तिची आईच तिले सोडत नाई. बसलेल्या जागी मान हालवते. त्या पोरीले सोताचं डोकं चालवाची सवयच नाई लागू देली."

"हं," गोकुळ म्हणाला.

चिमीनं एक वाटी उचलली, मनोऱ्यावर धरली आणि आईकडे पाहिलं.

"हं," पुष्पांजली म्हणाली.

चिमीनं वाटी ठेवली. दुसरी उचलली. धरली. पाहिलं.

"हं."

ठेवली. पुष्पांजली गोकुळला काहीतरी पुढचं सांगत होती, बनाबाईनं दिलेल्या मुदतीबद्दल. चिमीनं तिसरी वाटी उचलली, आणि पुष्पांजलीनं वाक्याच्या मध्येच, न पाहता, न थांबता म्हटलं, "हं."

मग ती थांबली. आपण काय केलं ते तिच्या कानांनी तिला सांगितलं.

चिमीनं चौथी वाटी धरली होती. गोल डोळे आईच्या तोंडावर. पुष्पांजलीनं ओठ मिटले. मान घट्ट धरली. किती साधी गोष्ट, मान न हलवणं. पण मानेच्या मागच्या शिरा ताणल्यासारख्या झाल्या. चिमी वाट पाहत राहिली. वाटी हवेत. मग तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, वाटी हातातून सुटली आणि सगळा मनोरा खणखणत फरशीवर पसरला. चिमीनं टाहो फोडला.

"काऊन रडवलं वं तिले?" सासूबाई तिकडून ओरडल्या.

पुष्पांजलीनं तिला उचलून छातीशी धरलं. तिच्या डोक्यावर गाल टेकला. तिला आठवत होती संत्र्यांची रांग. महेजबीन एक फळ उचलायची, समोर पाहायची. समोर स्टुलावर कोण बसलेलं असायचं? सकलैनचं लक्ष दिव्याकडे होतं. बाकीच्यांना नुसती सोबत हवी होती. आपण इतकी वर्षं लोकांसमोर बसून मान हलवत होतो, हं म्हणत होतो, आणि ते कुणाला लागतच नव्हतं म्हणून आपल्यालाही कधी ऐकू आलं नव्हतं. ही पोरगी संत्र्याकडे पाहतच नव्हती. कड्याकडेही नाही. ती आपल्याकडे पाहून संत्री निवडत होती.

"काय झालं?" गोकुळनं विचारलं.

"काई नाई. उद्या एका मोठ्या पोरीले रडवाचं हाये," ती म्हणाली.

*

सकाळी ती आधी इमामबीकडे गेली. इमामबी डबा भरत होती.

"खाला, काल मी तुमाले बोलली. माहंबी तेच हाये. मीबी तिले दिवसभर मान देत होती. मलेच मालूम नोतं."

इमामबीनं तिच्याकडे पाहिलं आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली. "अल्ला. मंग आता का दोघीनं माना कापून ठेवाच्या?"

"दोघीनं पाठ फिरवाची."

इमामबीचं हसू तसंच राहिलं, डोळे बदलले.

शेडमध्ये पुष्पांजलीनं स्टूल पुन्हा महेजबीनच्या समोर ठेवलं. महेजबीनचा चेहरा उजळला. पुष्पांजली खाली वाकली, ढिगातलं एक संत्रं उचललं, महेजबीनच्या हातात दिलं आणि तिचा हात धरून ते कड्यावर ठेवलं. संत्रं आरपार गेलं. धप्प.

"काय म्हनलं कडं?"

महेजबीननं तिच्याकडे पाहिलं.

"माह्याकडं नोको पाहू. कड्यानं काय केलं?"

"जाऊ देल्लं," महेजबीन म्हणाली.

दुसरं ठेवलं. ते अडकलं.

"आता?"

"नाई म्हनलं."

"बस्स. आता मले नाई इचारायचं. कड्याले इचार. ते सांगते. कोनतं बारीक, कोनतं मोठं, त्याले सगळं मालूम हाये."

आणि पुष्पांजलीनं स्टूल फिरवलं आणि पाठ करून बसली.

तिच्या तोंडापुढे आता शेडचं दार होतं, अंगण होतं, तारेचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे इमामबी. डब्याची वेळ व्हायला खूप अवकाश होता, तरी ती आली होती. तारेत बोटं अडकवून उभी होती. पुष्पांजलीला मागचं काही दिसत नव्हतं. जे घडत होतं ते तिला इमामबीच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आधी काहीच नाही. मग इमामबीच्या भुवया वर गेल्या. महेजबीननं फळ उचललं असेल. मग त्या भुवया तशाच राहिल्या, खूप वेळ. रांगेतल्या बायांच्या गप्पा हळूहळू बंद झाल्या. मागून एक आवाज आला, लहान, घशातला.

"ताई."

पुष्पांजलीनं स्वतःच्या मांड्यांत बोटं रुतवली.

"ताई. ओ ताई."

"कड्याले इचार, महेजबीन."

काहीतरी भिंतीवर आपटलं. संत्रं फुटल्याचा वास आला. आणि मग रडणं, मोठ्यानं, उघड्या तोंडाचं, लहान मुलासारखं. इमामबीनं तारेवर कपाळ टेकलं.

"ओ ताई, काऊन जीव घेता तिचा," रांगेतून कुणी म्हणालं.

"ताई आपलं काम करून राह्यली ना? करू द्या तिले," बनाबाई म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीचा तिखटपणा होता, पण ती महेजबीनला काही बोलली नाही. फुटलेलं संत्रं पायानं बाजूला सारल्याचं ऐकू आलं.

रडणं थांबलं. हुंदके राहिले. आणि मग पुष्पांजलीनं पाहिलं की इमामबीचं डोकं वर झालंय. तिचे डोळे लेकीच्या डोळ्यांना भिडले होते. एवढ्या लांबून, अंगण ओलांडून. महेजबीनला दुसरी मान सापडली होती. इमामबीची हनुवटी हलायला लागली होती, अगदी थोडी.

पुष्पांजलीनं तिच्याकडे पाहत डोकं हलवलं. नको.

इमामबीनं पाहिलं. तिची हनुवटी तशीच अर्ध्यात थांबली. तारेवरची बोटं पांढरी झाली. त्या बाईच्या गळ्यात अठरा वर्षांचं एक वचन होतं, एकदाही न चुकलेलं, आणि एक परकी बाई तिला ते चुकवायला सांगत होती. पुष्पांजलीला वाटलं, ही आत धावत येईल. आली तर मी अडवणार नाही. मी चिमीला उचललंच होतं की.

इमामबीनं तारेतून एकेक बोट सोडवलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. आणि वळली. रस्त्याकडे तोंड करून, लेकीकडे पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे पदराखाली हलत होते.

आता महेजबीनच्या समोर दोन पाठी होत्या.

शेडमध्ये एक पाखरू पत्र्याला धडका देत होतं.

धप्प.

पुष्पांजलीनं मागं पाहिलं नाही.

पुन्हा काही वेळ काही नाही. मग काहीतरी ठेवल्याचा, उचलल्याचा, डाव्या हाताला घरंगळल्याचा आवाज. म्हणजे अडकलं. म्हणजे मोठं. मग पुन्हा धप्प. आणि प्रत्येक आवाजाच्या आधी आणखी काहीतरी होतं, बारीक, आधी हुंदक्यासारखं वाटलं. पुष्पांजलीनं कान दिला. महेजबीन फळ कड्यावर ठेवत होती, कडं काय म्हणतं ते पाहत होती आणि स्वतःच म्हणत होती,

"हं."

धप्प.

"हं."

"चाला वं बायांनो," बनाबाई ओरडली. "तमाशा झाला. हात चालवा. हे नवी बाई तुमच्या पुढं जाईन."

*

हंगाम अर्ध्यावर आला. बाहेरच्या गाड्या लागल्या, गेल्या, पुन्हा लागल्या. पुष्पांजलीचं सोनाळ्याला येणं आधी एक दिवसाआड झालं, मग आठवड्याला, मग नाहीच. मलकापूरच्या एका दवाखान्यात कपडे धुवायच्या कामावर नवी बाई लागणार होती, तुरुंगातून सुटून आलेली. तिच्यासोबत कुणी जेवायला बसणार नव्हतं. तिथं स्टूल लागणार होतं. ते अजून कडुनिंबाखालीच होतं. एके दिवशी पुष्पांजली ते न्यायला आली.

थंडीचे दिवस, ऊन गोड झालेलं. ती आधी शेडमध्ये गेली. महेजबीन आता रांगेच्या टोकाला नव्हती, मध्ये होती. दोन्ही बाजूंना बाया. डोक्याला त्यांच्यासारखाच फडका बांधलेला. पुष्पांजली दारातून आत आली आणि तिच्या समोर उभी राहिली, पूर्वी स्टूल असायचं तिथं. तिनं वाट पाहिली.

महेजबीननं एक फळ ठेवलं. ते अडकलं. डावीकडे. दुसरं ठेवलं. मग खालमानेनंच म्हणाली,

"बाजूले सरका. उजेड येत नाई."

बाया फिस्सकन हसल्या.

"मलेबी अशीच म्हनते," बनाबाई म्हणाली. "मुकादमीण झाली बापा ते. माह्या पोटावर पाय आनते एक दिवस."

पुष्पांजली बाजूला सरली. तिची सावली फळीवरून, कड्यावरून निघून गेली आणि लोखंड चमकलं. ती तशीच उभी राहिली, खांबाला टेकून. थोड्या वेळानं महेजबीनचा हात डागाच्या टोपल्यात गेला. डागी फळ बायांनी खाल्लं तर चालायचं, तसा इथला रिवाज होता. आल्यागेल्या पाहुण्याच्या हातावरही तेच ठेवायचे. तिनं त्यातलं एक निवडलं, चांगलं मोठं, आणि बाजूला हात लांब करून धरलं. वर पाहिलं नाही. दुसऱ्या हातानं काम चालूच होतं.

पुष्पांजलीनं ते घेतलं. पाहुणीसारखं, दोन्ही हातांनी.

बाहेर कडुनिंबाखाली निळ्या स्टुलावर इमामबी बसली होती. पुष्पांजलीला पाहून उठायला लागली.

"बसा, बसा खाला. डबा घेऊन आल्या का?"

"डबा तं सकाळीच नेते ते. बायाहीत बसून जेवते. परवा मी आतमंदी गेली तं म्हने, अम्मी, इथं कशाले आली, काम चालू हाये." इमामबी हसली. "मले आता यायचं कामच नाई. तरी येतो. घरी काय करू?"

पुष्पांजली तिच्याशेजारी खाली, मुळावर बसली. संत्रं सोललं. एक फोड इमामबीला दिली, एक स्वतः घेतली. डागाच्या बाजूनं थोडं गोडच लागत होतं.

"तुमच्याकडं पाह्यलं का तिनं?" इमामबीनं विचारलं.

"नाई."

"माह्याकडंबी नाई पाहत."

दोघी फोडी खात राहिल्या. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर कापूस भरून गेला. पुष्पांजलीच्या लक्षात आलं की इमामबी अजूनही कुंपणाकडे पाठ करून बसली आहे. स्टूल तसंच ठेवलं होतं, रस्त्याकडे तोंड करून.

"आता वळून बसलं तरी चालते खाला."

"नाई बेटा. वळलं का मान हालते." इमामबीनं बिया हातात घेतल्या. "असंच बरं. ऐकू येते."

ऑटोवाल्यानं लांबून हॉर्न दिला. पुष्पांजली उठली, साडी झटकली. स्टुलाकडे पाहिलं, इमामबीकडे पाहिलं.

"ते घेऊन जायचं व्हतं का तुमाले?" इमामबी घाईनं उठू लागली.

"नाई, नाई. बसा. मलकापुरात भेटते दुसरं."

ऑटोत बसल्यावर तिनं एकदा मागं पाहिलं. शेडमधून आवाज येत असणार, इथवर पोचत नव्हता. पण तो कधी येत होता ते तिला कळत होतं. निळ्या स्टुलावर, ऊन अंगावर घेऊन, मांडीत हात ठेवून बसलेली इमामबी समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहत होती, आणि तिची मान मधून मधून हळूच खाली जात होती. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटलं असतं, बाई उन्हात पेंगतेय.